शुद्धीवरचा माणूस

जाटिलानच्या नाचात आठ-दहा घोडे असतात, एक राक्षस असतो, एक रानडुक्कर असतं, पेंटुल आणि तेम्बेम नावाचे दोन विदूषक असतात, आणि या सगळ्यांच्या मधे काळ्या कपड्यांतला, पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ लवंगेची सिगरेट ओढत कंटाळून उभा असतो. तो नाचत नाही, गात नाही, वाजवत नाही. नवख्याला वाटतं, मांडववाला असेल. पैसे हातात पडल्याशिवाय हलायचं नाही म्हणून थांबलाय. हा पावांग. याच्यावाचून नाच सुरू होत नाही. संपत तर नाहीच नाही.

नाच जाव्हा बेटावरचा. जोग्जा, म्हणजे योग्याकार्ता शहराच्या आजूबाजूच्या खेड्यांत, म्हणजे स्लेमान, बांतुल, कुलोन प्रोगो या भागांत त्याला जाटिलान म्हणतात. पश्चिमेला बान्युमासकडे तोच एबेग होतो, पूर्वेला केडिरी-तुलुंगआगुंगकडे जारानान, आणि उरलेला इंडोनेशिया सरसकट कुडा लुम्पिंग म्हणून मोकळा होतो. पावांगलाही बान्युमासात पेनिम्बुल म्हणतात, केडिरीकडे गांबूह. नाव कुठलंही असो, माणूस तोच, सिगरेट तीच.

निमित्त काहीही चालतं. मुलाची सुंता, लग्न, गावदेवाच्या नावाने वर्षातून एकदा होणारी गावाची साफसफाई, 17 ऑगस्टचा स्वातंत्र्यदिन. मोकळ्या जागेला बांबूचं कुंपण घालायचं, एका कडेला केंडांग ढोल, सारोन ही धातूच्या पट्ट्यांची वाद्यं आणि दोन-तीन गोंग मांडायचे (हल्ली शेजारी ड्रमसेट आणि कीबोर्डही), आणि दुपारी एक-दीडला सुरुवात करायची. घोडे बांबूच्या पट्ट्यांचे विणलेले. चपटे, रंगवलेले, काळ्या काथ्याच्या आयाळीचे. त्यांना पाय नसतात. ते नाचणाऱ्याने आपले द्यायचे. पहिला अर्धा-पाऊण तास सगळं कसं शाळेच्या संमेलनाइतकं शिस्तीत चालतं. मग केंडांगची लय चढते, आसूड कडाडतो, आणि रांगेतला एक पोरगा ताठ होऊन धाडकन पडतो. पडतो तो गवंड्याच्या हाताखालचा पोरगा. उठतो तो दुसराच कुणीतरी. त्याच्या अंगात आलेलं असतं. मग कुणी बादलीतलं गवत खातो, कुणी न सोललेला नारळ दातांनी सोलतो, कुणी गुलाबाच्या पाकळ्या बकाबका तोंडात कोंबतो, कुणी काचेचा बल्ब चावून खातो. एकेक करत सगळी रांग जाते. कुंपणाबाहेरचे दोन-पाचशे लोक श्वास रोखून बघत असतात.

आणि पावांग हिशोब ठेवत असतो. किती गेले, कोण गेला, कुणाच्यात कोण आलं, कोण कुंपणाच्या फार जवळ सरकतोय. जाटिलानमध्ये अख्ख्या गावाला भान हरपायची मुभा आहे. ती देणारा हा एकच माणूस, आणि ती त्याला स्वतःला मात्र नाही.

आठवडाभर तो कुणी विशेष नसतो. थोडी शेती असते, नाहीतर बाजारात मोटरसायकली लावून द्यायचं काम असतं. सोमवार ते शनिवार तो तोंडातल्या शिट्टीने गाड्या मागेपुढे करवतो, आणि रविवारी माइक हातात घेऊन पहिली सूचना देतो ती अशी, की खेळ चालू असताना कुणीही शिट्टी मारायची नाही. शिट्टीने भुतं चवताळतात. लाल कपडे घातलेल्यांनी पुढे बसू नये. लाल रंग काहींना सोसत नाही. मोबाइल तोंडासमोर धरू नये. ही तिसरी सूचना दिल्यानंतर तो मागे वळून आपल्या पुतण्याला विचारतो, यूट्यूबचं थेट प्रक्षेपण सुरू झालं का.

खेळाआधीचा त्याचा तास बघण्यासारखा. मैदानाच्या कोपऱ्यात तो नैवेद्य मांडत बसतो, त्याला सेसाजेन म्हणतात. पिसांग राजा जातीच्या केळ्यांच्या दोन फण्या, सुटी फुलं, शहाळं, कच्चं अंडं, बाजारातली पाच-सहा प्रकारची गोडधोड, एक पेला कडू कॉफी, एक पेला गोड चहा, अत्तराची कुपी, सिगरेटी. ऊद पेटवून तो मंत्र पुटपुटतो. मंत्राची सुरुवात बिस्मिल्लाने होते. मग जावानीज भाषेत गावचा राखणदार डान्यांग, नदीकाठचा वड, मेरापी डोंगर आणि दक्षिण समुद्राची राणी यांना क्रमाने निमंत्रणं जातात. आणि शेवट पुन्हा अल्लाच्या नावाने. मोदिन, म्हणजे गावचा धार्मिक कामं बघणारा, तिथून जाताना मान वळवून दुसरीकडे बघतो. ज्या जोग्जात 1912 साली मुहम्मदिया ही सुधारकी मुस्लिम संघटना स्थापन झाली, तिथल्या मोदिनला हे सगळं मान्य असणं कठीणच. पण पावांग शुक्रवारच्या नमाजाला त्याच्याच शेजारी उभा असतो आणि दोघांची सुनेबद्दलची तक्रार सारखीच आहे, त्यामुळे प्रकरण मान वळवण्यापलीकडे जात नाही.

या नाचाचा अर्थ काय, हे पावांगला विचारू नये. विचारलंच तर आधी आपण कोण ते सांगू नये. कारण उत्तर त्यावर ठरतं. जिल्ह्याच्या पर्यटन खात्यातला साहेब आला तर हे घोडेस्वार राजपुत्र दिपोनेगोरोचे असतात. 1825 ते 1830 या काळात त्याने डचांशी जे युद्ध केलं, त्यात घोडदळाने कसा पराक्रम केला, त्याची ही आठवण. साहेब खूश. एखादा म्हातारा जाणकार आला तर तेच घोडेस्वार राजकुमार पंजीच्या कथेतले होतात. सेकारताजी राजकन्या, तिच्यावर डोळा ठेवणारा क्लाना राजा, सगळं त्यात येतं. तिसऱ्याला तो सुतविजय आणि आर्य पनांगसांग यांच्या लढाईची गोष्ट सांगतो. मोदिनने विचारलं तर हा निव्वळ व्यायाम असतो. आणि गावातल्या बायका विचारतच नाहीत. त्यांना ठाऊक असतं की डान्यांगला वर्षातून एकदा नाच दाखवला नाही तर उंदीर भात खातात.

सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे विद्यार्थी. जोग्जात 1984 सालापासून कला संस्था आहे, त्याआधीपासून गाजा माडा विद्यापीठ आहे, आणि प्रबंधाचा विषय सुचला नाही की पोरं-पोरी वही घेऊन पावांगच्या ओसरीवर येतात. "म्बाह (आजोबा), केळ्याचा अर्थ काय?" पिसांग राजा, म्हणजे राजासारखं मन. पोरगी लिहून घेते. "आणि अंड्याचा?" जन्म. "कडू कॉफीचा?" आयुष्यातलं दुःख. "गोड चहाचा?" आयुष्यातलं सुख. "आणि ते बिस्किटाचं पाकीट?" पावांग लवंगेच्या सिगरेटचा एक झुरका घेतो. बिस्किटाचं पाकीट त्याच्या बायकोने घाईत ठेवलेलं असतं. "परदेशी वस्तूंचाही आदर करावा," तो म्हणतो. हेही वहीत जातं. पुढच्या वर्षी दुसरी पोरगी तो प्रबंध वाचून येते आणि बिस्किटाबद्दल आणखी खोलात विचारते.

मला विचाराल तर यातलं सगळंच थोडंथोडं खरं आहे. 1938 साली पिझो नावाच्या डच विद्वानाने जाव्हातल्या लोकखेळांवर जाडजूड ग्रंथ छापला, त्यातही घोड्यांचे नाच ठायी ठायी वेगवेगळे आहेत. पण एक गोष्ट सगळ्या कथांच्या मुळाशी आहे, आणि पावांग ती कुणालाच सांगत नाही, कारण त्याला ती सांगण्याजोगी वाटत नाही. घोडा हे जाव्हात राजाचं, सरदाराचं वाहन. कुळवाड्याच्या गोठ्यात म्हैस. ज्याच्या सात पिढ्यांनी जमिनीवरून मान वर करून घोडेस्वाराकडे बघितलं, तो वर्षातून एक दुपार स्वतः घोड्यावर बसतो. घोडा बांबूचा असला म्हणून काय झालं? आणि एकदा बसल्यावर तो घोड्यालाही आवरत नाही, स्वतःलाही आवरत नाही. आवरायला माणूस ठेवलेला आहे.

आवरण्याचं काम मोठं मुत्सद्दीपणाचं. जावानीज बोलण्यात आदराच्या पायऱ्या फार. समोरच्याची पायरी चुकली की माणूस तुटतो. भुतंही याला अपवाद नाहीत. अंगात आलेल्या पोराशी पावांग अत्यंत अदबीने बोलतो.

"कुठून येणं झालं आपलं?"

"मेरापी," पोरगा घोगऱ्या आवाजात म्हणतो.

"फार लांबून आलात. काय सेवा करू?"

"कॉफी. बिनसाखरेची."

"आणखी काही आज्ञा?"

"गाणं."

गाणं कुठलं, हा प्रश्न नाजूक. मेरापीच्या पोटात तीनशे वर्षं राहणाऱ्या या बड्या आसामीला हवं असतं डिडी केम्पोटचं प्रेमभंगाचं गाणं. डिडी केम्पोट सोलोचा गायक, 2020 साली वारला. त्याच्या गाण्यांवर अख्खी तरुण पिढी रडली. एकदा कुणीतरी चेष्टेने विचारलं की म्हाताऱ्या भुताला हे गाणं कसं काय ठाऊक. पावांग शांतपणे म्हणाला, "लाउडस्पीकर केवढा मोठा असतो. तिकडेही ऐकू जातं." गाणं मिळेपर्यंत पाहुणा जात नाही, म्हणून गायिकेकडे शंभर-दीडशे गाणी तयार लागतात. मिळालं की तो डोळे मिटून, आसूड खांद्यावर टाकून डुलतो.

खरे किती आणि नाटकी किती, हे पावांगला पडल्या क्षणी कळतं. खरा पडतो तो कुठेही पडतो. दगडावर, चिखलात, बादलीवर. नाटकी पोरगा पडण्याआधी जागा बघतो. एका पोराच्या अंगात नेमकं त्याच वेळी येतं, जेव्हा शिवणकामाच्या दुकानातली एक विशिष्ट मुलगी कुंपणाशी येऊन उभी राहते. दुसऱ्याच्या खिशातून भर तंद्रीत मोटरसायकलची किल्ली पडली, तर वाघासारखा गुरगुरत त्याने ती उचलली आणि परत खिशात ठेवली. पावांगने हे सगळं बघितलं. पण चारचौघांत कुणाला उघडं पाडणं त्याच्या धर्मात बसत नाही. तो अशा पोराजवळ जातो, आदराने वाकतो आणि पाहुण्याला मानाचा कडू कॉफीचा पेला पाजतो. मग दुसरा. मग तिसरा. मग कच्चं अंडं. चौथ्या पेल्याला बहुतेक भुतं स्वखुशीने निघून जातात.

काचेचा मात्र वेगळा त्रास आहे. पूर्वी कंदिलाच्या चिमण्या खायचे, नंतर विजेचे बल्ब. आता घरोघरी एलईडी दिवे आले. ते प्लॅस्टिकचे, त्यांना हात लावायला कुठलंही खानदानी भूत तयार नाही. काचेचे जुने बल्ब शोधत पावांग भंगारवाल्यांकडे फिरतो आणि वर्तमानकाळाला शिव्या घालतो.

त्याची खरी डोकेदुखी म्हणजे प्रेक्षक. अंगात येणं संसर्गासारखं पसरतं. कुंपणाबाहेर मांसाचे गोळे विकणारा गाडीवाला, सासुरवाडीला आलेला जावई, रिकामा बसलेला कुणी शाळकरी पोरगा. कुणीही किंचाळून आत उडी मारतो. हे सगळे यादीबाहेरचे. यांचा ठेका घेतलेला नसतो, यांच्यासाठी केळी मोजलेली नसतात, आणि यांच्यात कोण शिरलंय याची पूर्वसूचना नसते. पावांग दोन्ही हात कमरेवर ठेवून क्षणभर आभाळाकडे बघतो. मग सिगरेट विझवून, उरलेलं थोटूक कानामागे खोचून, कामाला लागतो.

परत आणण्याची क्रिया एकदा अगदी शेजारी बसून बघितली. पोरगा पाठीवर उताणा. दोन मदतनिसांनी हात धरलेले, तिसरा पायांवर बसलेला. पावांगने घोडा आडवा त्याच्या छातीवर ठेवला, उजवा तळवा कपाळावर टेकवला, डाव्या हाताने मानेची मागची बाजू पकडली आणि कानात काहीतरी फार हळू बोलला. पोरगा धनुष्यासारखा वर उचलला गेला; तिघांचंही बळ कमी पडायला लागलं. पावांगने टाळूवर तीनदा फुंकर मारली, अंगठा मणक्यावरून खाली ओढत नेला आणि शेवटी पायाचा अंगठा असा जोरात ओढला की माझ्याच पोटात कळ आली. एकदम सगळं ओसरलं. पोरगा ओल्या कापडासारखा पडला. डोळे उघडले. आता त्याच्यात कुणी मेरापीवाला नव्हता, त्यामुळे पावांगची भाषाही क्षणात जमिनीवर आली. "ऊठ रे पोरा, तोंड धू. ओठाला काच लागलीय." पोराने आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "माझ्या चपला कुठायत?"

हे सगळं मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजाच्या आत उरकावं लागतं. सहाच्या सुमाराला अजान होते आणि तोवर प्रत्येक पाहुणा आपल्या घरी आणि प्रत्येक पोरगा आपल्या घरी, हा नियम. दुपारच्या अस्रच्या अजानेला वाद्यं थांबतात. तेवढा वेळ अंगात आलेली मंडळी उकिडवी बसून, खाली मान घालून गवत चघळत राहतात. पण मगरिब म्हणजे मगरिब. साडेपाचला अजून चौघं शिल्लक असतील, तर पावांगची जी धावपळ होते ती बघावी. अशा वेळी अदब आखडती होते, मंत्र निम्म्यावर येतो, आणि हट्टी भुताला गाण्याचं एकच कडवं मिळतं.

घड्याळाची ही सवय त्याच्या बापापासूनची. 1965 सालच्या कम्युनिस्टांच्या कत्तलींनंतर गावोगावचे खेळ गप्प झाले होते. डाव्यांच्या मिरवणुकीत कधी नाचलो होतो हे आठवायलाही लोक भ्यायचे. मग राष्ट्राध्यक्ष सुहार्तोच्या राजवटीत खेळ परतले ते अर्ज-विनंत्या करत. संघाची नोंदणी, सरकारी मार्गदर्शन, पोलिसांचा परवाना. स्पर्धांमध्ये नाच वेळ लावून बसवलेला, अंगात येणं वगळून. त्या काळातल्या एका स्पर्धेत, बाप सांगायचा, त्याला पावांग म्हणून व्यासपीठावर उभं केलं होतं, पण करायला काहीच काम नव्हतं. तो पंधरा मिनिटं नुसता हसरा चेहरा करून उभा राहिला. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यांत अवघड कार्यक्रम. 1998 साली सुहार्तो पायउतार झाला, त्यानंतर पथकं भराभर वाढली, मुलींची पथकंही निघाली, पण पोलिसांचा कागद आजही लागतो. अर्जात खेळाची वेळ लिहायची असते. भुतांनी ती कधी मोडली असेल, पावांगने नाही.

एका गोष्टीचा त्याला फार अभिमान. 1890 ते 1939 या काळात डचांनी तेहतीस हजारांच्या आसपास जाव्हातले मजूर करारावर दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला नेले. उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत, हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांच्या शेजारी ते राबले, आणि तिथेही त्यांनी बांबूचे घोडे विणले. अंगातही आलं. "समुद्र ओलांडून गेली आमची मंडळी," पावांग सांगतो. ती बिनतिकिटाची गेली हे तो विशेष जोर देऊन सांगतो.

त्याच्या स्वतःच्या अंगात कधी आलंय का, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ड्रायव्हरला गाडी चालवताना झोप येते का असं विचारलं होतं. "आणि गोंग कोण मोजून घेणार?" तो म्हणाला. "साउंडवाल्याला रात्री आठच्या आत सामान परत द्यायचंय."

मी बघितलेल्या त्या खेळात मगरिबला सहा मिनिटं असताना शेवटचा पोरगा शुद्धीवर आला. वाद्यं गुंडाळली, नैवेद्याची केळी वाटणीसाठी एका चटईवर आली, यजमानाने पाकीट दिलं आणि पावांगने ते लोकांसमोर न मोजता खिशात टाकलं. तेवढ्यात यजमानीणबाई हातात कुंडी घेऊन आल्या. खेळ ऐन रंगात असताना रानडुकराचा मुखवटा घातलेला गडी कुंपण मोडून त्यांच्या अंगणात शिरला होता आणि गुलाबाची दोन झाडं मुळासकट खाऊन गेला होता. झाडं त्यांनी मेरापीच्या उतारावरच्या कालियुरांगहून आणलेली होती.

"भरपाई कोण देणार, पाक?"

"ज्याने खाल्ली त्याने द्यावी, बू."

"तो तर म्हणतोय, त्याला काहीच आठवत नाही."

"त्याने खाल्लीच नाहीत. त्याच्यात जो आला होता, त्याने खाल्ली."

"मग त्याचा पत्ता द्या."

पावांगने कानामागचं थोटूक काढून पेटवलं. चटईवरच्या केळ्यांकडे बघितलं, त्यातली बऱ्यापैकी पिकलेली दोन बाजूला काढली, थोडा विचार केला, आणि आणखी एक काढून तिन्ही बाईंच्या कुंडीत ठेवली.